लेक्सिकोग्राफिकली म्हणजे कोशाच्या दृष्टीने की कोशाच्या क्रमाने?

केतकी_एम
मंडळी, एका इंग्रजी क्रियाविशेषणावर अडलेय, मदत हवीय. डिप्लोमाच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीत करायचं काम घेतलंय आणि त्यात सारखं 'लेक्सिकोग्राफिकली स्मॉलेस्ट स्ट्रिंग शोधा', 'लेक्सिकोग्राफिकली नेक्स्ट परम्युटेशन काढा' असं येतंय (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, परम्युटेशन म्हणजे मांडणी). कोशात बघितलं तर लेक्सिकोग्राफी म्हणजे कोशरचना. आता 'कोशरचनेच्या दृष्टीने सर्वात लहान' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय बोध होणार, शब्दकोशातला सगळ्यात छोटा शब्द शोधायचाय असं वाटेल त्याला. आणि गंमत म्हणजे भाषाशास्त्रावरच्या एका लेखात हाच शब्द आला तर तिथे क्रमाचा काही संबंधच नव्हता, एखाद्या शब्दाची कोशात नोंद करणं कसं कठीण आहे असा मुद्दा होता. तर कुठे काय घ्यायचं? आणि सरळ अल्फाबेटिकली समजून 'वर्णानुक्रमे' लिहिलं तर चालेल का?

सदानंद_मास्तर
केतकीताई, दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्ही रुळलेले आहेत. आधी मूळ अर्थ सांगतो, कारण कॉम्प्युटरवाले येऊन दुसरा सांगतीलच.

ग्रीकमध्ये लेक्सिकॉन म्हणजे शब्दांचं पुस्तक आणि ग्राफीन म्हणजे लिहिणं, त्यावरून लेक्सिकोग्राफर म्हणजे कोशकार. तेव्हा लेक्सिकोग्राफिकली म्हणजे आधी 'कोशकाराच्या अंगाने बघितलं तर'. हा अंग वेगळा का काढायचा, तर भाषा बोलणाऱ्याला जे प्रश्न कधी पडत नाहीत ते कोशकाराला रोज पडतात. साधं क्रियापद घ्या. करतो, केलं, करीन, करून ही सगळी रूपं आपण बोलतो, पण कोशात नोंद कुठल्या रूपाखाली? मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थने 'करणें' असं णें लावलेलं रूप घेतलं आणि पुढे मराठीत तीच वहिवाट पडली. लॅटिनच्या कोशात 'मी प्रेम करतो' अशा प्रथमपुरुषी रूपाखाली क्रियापद सापडतं. अरबीचे बरेच कोश तर मुळाक्षरांवर लावलेले असतात, म्हणजे किताब, कातिब आणि मकतब हे तिन्ही क-त-ब या एकाच मुळाखाली, मग मकतब शोधायला 'म' उघडून उपयोग नाही. हे सगळे लेक्सिकोग्राफिकली महत्त्वाचे प्रश्न, बोलणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही.

मग एका शब्दाचे किती अर्थ वेगळे काढायचे, बोलीतला शब्द घ्यायचा की नाही, शिवी घ्यायची का, अवतरण कुठलं द्यायचं, हेही त्यातच आलं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, आणि १९५० मध्ये पुरवणी आली. त्यातली कुठलीही मोठी नोंद उघडून बघा, एकेका अर्थाला जुन्या ग्रंथातला, बखरीतला नाहीतर बोलण्यातला दाखला लावलेला आहे. तो दाखला निवडणं हेच खरं कोशकाम. कोणी 'लेक्सिकोग्राफिकली सांगायचं तर' म्हणाला की तो या बाजूने बोलतोय असं समजा.

श्रीरंग_के
उच्चाराबद्दल एवढंच, शेवटी लिहिताना 'इकॅली' लिहितात पण बोलताना तो 'अ' गळतो, 'लेक्सिकोग्रॅफिक्ली' असं होतं, बेसिकलीसारखंच. बाकी चालू द्या.

बिट्स_आणि_भजी
मी कॉम्प्युटरवाला, म्हणून दुसरी बाजू.

आमच्याकडे या शब्दाचा कोश लिहिण्याशी काहीच संबंध उरलेला नाही, फक्त कोशात शब्द ज्या नियमाने लावतात तो नियम तेवढा उचललाय. नियम असा, दोन शब्द शेजारी ठेवा, पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी ताडून बघा, सारखं असेल तर दुसरं दुसऱ्याशी, असं पुढे जात राहा आणि जिथे पहिल्यांदा फरक सापडेल तिथे निकाल लागला, त्याच्या पुढे काय आहे ते बघायचंच नाही. आणि एक शब्द मध्येच संपला तर तो लहान, म्हणून 'काम' आधी आणि 'कामगार' नंतर. बस, एवढंच.

आता मुलं कुठे अडखळतात ते सांगतो, ताई हे नोट्समध्ये घ्याच. आकडे जेव्हा अक्षरं म्हणून साठवलेले असतात तेव्हा १० हा ९ च्या आधी येतो, कारण पहिल्याच घरात १ विरुद्ध ९ झालं, १ लहान, विषय संपला, त्यामागे शून्य आहे की अजून काय हे कोणी विचारतच नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत १, २, १० असे आकडे घेऊन नुसतं सॉर्ट, म्हणजे क्रमाने लाव, म्हटलं तर १, १०, २ असं मिळतं, कारण तिथे आधी सगळ्याची स्ट्रिंग केली जाते. दर बॅचला यावर कोणीतरी अडतं आणि जावास्क्रिप्टला बोल लावतं, पण नियम समजला की निकाल बरोबरच आहे, आपल्याला हवा तो नाहीये एवढंच. म्हणूनच फायलींना ००१, ००२ अशी शून्यं लावून नावं देतात. आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली, २०२४-०८-११, की अक्षरांनी लावलेला क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. दिवस आधी लिहिणाऱ्या आपल्या पद्धतीत तसं होत नाही, १ जानेवारीच्या मागोमाग १ फेब्रुवारी येते.

'लेक्सिकोग्राफिकली नेक्स्ट परम्युटेशन' चं पण सांगून टाकतो कारण इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. १, २, ३ च्या सगळ्या मांडण्या कोशात लावल्यासारख्या लावल्या तर १२३, १३२, २१३, २३१, ३१२, ३२१. आता १३४२ च्या लगेच पुढची कुठली? उजवीकडून डावीकडे या, जिथे एखादा अंक त्याच्या उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान सापडेल तिथे थांबा, इथे तो ३ आहे. त्याच्या उजवीकडे त्याच्यापेक्षा मोठ्यांतला सगळ्यात लहान म्हणजे ४, दोघांची अदलाबदल, झालं १४३२. आता त्या जागेच्या पुढची शेपटी उलटी करा, १४२३. हेच उत्तर. उजवीकडचं घर जेवढं हलवता येईल तेवढं हलवायचं, डावीकडच्याला हात लावायचा तो अगदीच नाइलाज झाला तर.

वेदांत_गणित
@बिट्स_आणि_भजी एकदम मस्त समजावलंत. यात एक भर घालतो कारण हे आपल्या लोकांना माहीत असायलाच हवं. नारायण पंडिताचा गणितकौमुदी हा ग्रंथ १३५६ सालचा, त्यात अंकपाश नावाचं अख्खं प्रकरण अशा मांडण्यांवर आहे, आणि या नेक्स्ट परम्युटेशनच्या रीतीचा माग काढणारे लोक नारायण पंडितापर्यंत जातात. वर्गात ही रीत शिकवताना त्याचं नाव घ्यावं असं मला फार वाटतं.

मीनल_अर्थ
हा नियम फक्त अक्षरांना लागू आहे असं मात्र लिहू नका हं. आमच्या अर्थशास्त्रात लेक्सिकोग्राफिक प्रेफरन्स असतं, म्हणजे माणसाला पहिली वस्तू इतकी हवी असते की ती जिथे जास्त तिकडेच तो जाणार, दुसरी वस्तू पोतंभर द्या नाहीतर मूठभर, ती बघायची वेळ पहिली अगदी समसमान असेल तेव्हाच येते. जेरार्ड डेब्रूने १९५४ मध्ये दाखवलं की अशी आवड एका आकड्यात, म्हणजे युटिलिटी फंक्शनमध्ये, बसवताच येत नाही.

आणि सगळ्यांनी बघितलेलं उदाहरण हवं असेल तर ऑलिंपिकचा मेडल टेबल घ्या. तिथे आधी सुवर्ण, सुवर्ण सारखी झाली तर रौप्य, तीही सारखी तर कांस्य. पॅरिसला २०२४ मध्ये अमेरिका आणि चीन दोघांची ४०-४० सुवर्ण होती, मग रौप्य बघितली, ४४ विरुद्ध २७, अमेरिका वर. त्याच टेबलात आपली सहा पदकं, एक रौप्य आणि पाच कांस्य, त्यात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं कांस्यसुद्धा, आणि तरी आपण ७१ वे आणि अर्शद नदीमच्या एका सुवर्णावर पाकिस्तान ६२ वं. तेव्हा घरोघरी वाद झाले की सहा मोठे की एक. बेरीज केली तर सहा मोठे, लेक्सिकोग्राफिकली एक मोठं. मुलांना हे उदाहरण द्या, पुन्हा विसरणार नाहीत.

केतकी_एम
मीनल, हे उदाहरण घेतलंच समजा! म्हणजे 'वर्णानुक्रमे' लिहिलं तर निम्म्या ठिकाणी चुकीचं ठरेल, कारण पदकांना कुठे वर्ण असतात.

ग्रंथालय_गल्ली
मी लायब्ररीत नोकरी करते, कार्डांचे खण ओढून वाढलेली पिढी आमची, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

सरकारी मराठीत यासाठी 'अकारविल्हे' हा शब्द आहे, अकारविल्हे यादी, अकारविल्हे सूची. मला तो फार आवडतो आणि नावांच्या यादीला तोच वापरावा. पण मीनलने सांगितलेल्या उदाहरणांना तो लागणार नाही हे खरं.

दुसरं, कोश म्हटलं की अक्षरांचा क्रम आलाच असं आपण धरून चालतो, पण ते तसं नाहीये. अमरकोश बघा, सगळा श्लोकांत, तीन कांडं, आणि आत विषयवार वर्ग. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग असे. तो पाठ करायचा ग्रंथ, उघडून शोधायचा नव्हे, मग 'अ' पासून लावून करायचंय काय? पाठ करणाऱ्याला एका विषयाचे शब्द एकत्र आले तर सोयीचं. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करून घेतला तोही त्याच घडणीचा, राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे दहा वर्ग, आणि फारसी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द. गडावरच्या कारभाराचे शब्द हवे असतील तर दुर्गवर्गात जायचं. मेदिनीकोशात तर शब्द शेवटच्या व्यंजनावरून लावलेत, कवीला यमक जुळवताना ते कामाला येतं. तेव्हा 'कोशक्रम' हा शब्द जरी घेतला तरी तो एका विशिष्ट प्रकारच्या कोशाचा क्रम आहे हे ध्यानात ठेवा.

आणि इंग्रजीतही लोकांना हा क्रम शिकवावा लागला होता. रॉबर्ट कॉड्रीचं १६०४ चं 'टेबल अल्फाबेटिकल' हे पहिलं एकभाषी इंग्रजी शब्दकोशाचं पुस्तक मानतात, साधारण अडीच हजार अवघड शब्दांचं. त्यात सुरुवातीलाच वाचकाला समजावून सांगितलंय की तुझा शब्द 'ए' ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला बघ, 'व्ही' ने असेल तर शेवटाकडे, आणि 'सी-ए' असेल तर सी च्या सुरुवातीला, 'सी-यू' असेल तर सी च्या शेवटी. पहिलं घर, मग दुसरं घर, बिट्स यांनी वर सांगितला तोच नियम चारशे वर्षांपूर्वी पुस्तक विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायला लागत होता! मला ही सूचना वाचून नेहमी भरून येतं, वाचकाची इतकी काळजी केलेली.

बिट्स_आणि_भजी
@ग्रंथालय_गल्ली ताई कसली माहिती दिलीत! आता याच्याच पुढचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. नियम सगळीकडे एक, पण कुठलं अक्षर आधी हे आधी ठरवून द्यावं लागतं, ते ठरवल्याशिवाय 'लेक्सिकोग्राफिकली लहान' या म्हणण्याला अर्थच नाही. इंग्रजीत बेसिक सॉर्टला कॅपिटल झेड हे स्मॉल ए च्या आधीचं, कारण कॉम्प्युटरमधले त्यांचे नंबर ९० आणि ९७. आणि मराठीत काय होतं ते बघा, मी मराठी यादी सॉर्ट करणाऱ्या ॲपवर काम केलंय म्हणून हे हातातलं आहे.

युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यात प्रत्येक अक्षराला नंबर आहे आणि साधा सॉर्ट त्या नंबरावर चालतो. ल ला ०९३२, ळ ला ०९३३, ह ला ०९३९. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते ळ हा ल च्या पाठोपाठ, आणि आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर. ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही म्हणून पहिल्या अक्षराला कोणाच्या लक्षात येत नाही, पण शब्दाच्या मध्ये लगेच दिसतं. 'काळ' आणि 'कावळा' घ्या, नंबरावर लावलं तर काळ आधी, वर्णमालेने लावलं तर कावळा आधी.

क्ष आणि ज्ञ ला स्वतंत्र नंबरच नाही, क्ष म्हणजे क् अधिक ष, ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ. म्हणून क्षितिज हे क च्या अगदी शेवटी जाऊन बसतं आणि ख च्या आधी येतं. लहानपणी तक्त्यावर तर आपण क्ष, ज्ञ शेवटी म्हटलेत.

आणि सगळ्यात वाईट अवस्था 'ॲप' ची. ॲ हे अक्षर उशिरा आलं, त्याला नंबर मिळाला ०९७२, तो ह च्याही पुढे. त्यामुळे ॲप, ॲसिड, ॲल्युमिनियम हे शब्द यादीत सगळ्यात तळाला, ज्ञान आणि हळदीच्याही खाली. तोच ॲ कोणी अ वर चंद्र देऊन टाइप केला की तो अ च्या घरात येतो, पण अहो, अहवाल यांच्याही नंतर, कारण चंद्राचा नंबर ०९४५ हा ह पेक्षा मोठा. बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसतात आणि एक यादीच्या वरच्या टोकाला असतो नि एक खालच्या.

सदानंद_मास्तर
हे मी पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाचलं. राज्य शासनाचा वर्णमालेबद्दलचा ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे, त्यात ॲ आणि ऑ यांना स्वरांमध्ये जागा दिली आहे आणि क्ष, ज्ञ यांना विशेष संयुक्त व्यंजनं म्हटलंय. म्हणजे मराठीची बाजू कागदावर आहे.

अनुस्वाराचं पण लिहा. शाळेत अं अः हे स्वरांच्या शेवटी म्हणतात, पण हिंदी कोश उघडला तर 'अंक' हा 'अकड' च्या आधी मिळतो, आणि वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला तर अनुस्वार तिथे पुढच्या वर्गातलं अनुनासिक धरून लावलेला, 'अंक' म्हणजे 'अङ्क'. फर्ग्युसनमध्ये बसून त्या माणसाने काम केलं ते आजही वापरात आहे. तर एकाच 'अंक' शब्दाला दोन कोशांत दोन जागा, आणि दोन्ही कोशकारांकडे त्याचं सबळ कारण. हा प्रश्न तुमच्या दोन्ही अर्थांनी लेक्सिकोग्राफिक आहे बघा, क्रमाचाही आणि कोशरचनेचाही.

आदित्य_बे_एरिया
थोडं वेगळं मत. इतका खल करण्यापेक्षा मराठी नोट्समध्ये 'लेक्सिकोग्राफिकली' असंच देवनागरीत ठेवा ना, मुलांना परीक्षेत, इंटरव्ह्यूत तोच शब्द दिसणार आहे. इथे रोज कामात वापरतो, कोणी भाषांतर करत बसत नाही.

केतकी_एम
@आदित्य_बे_एरिया शब्द ठेवणारच आहे, तो ओळखता आलाच पाहिजे. पण नोट्स मराठीत करायचं कारणच हे आहे की ज्या मुलांची दहावी मराठी माध्यमातून झालीय ती नुसता शब्द पाठ करतात आणि १० आधी का ९ आधी यावर गप्प बसतात. त्यांना नियम त्यांच्या भाषेत मिळाला की ती भराभर सोडवतात, हे मी समोर बघितलंय. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे 'कोशक्रमाने' आणि शेजारी देवनागरीत मूळ शब्द, आणि नियम दोन ओळींत. भाषाशास्त्राच्या लेखात तोच शब्द आला तर तिथे 'कोशरचनेच्या दृष्टीने'.

मीनल_अर्थ
+१ केतकी. 'कोशक्रमाने सर्वात लहान' ऐकायला पण छान आहे. 'लेक्सिकली' शी मात्र गल्लत नको, तो शब्द शब्दसंग्रहाबद्दल आहे, दोन भाषा लेक्सिकली जवळ म्हणजे त्यांच्यात सारखे शब्द पुष्कळ.

ग्रंथालय_गल्ली
एक व्यवहारातला प्रश्न विचारते, बिट्स यांना. आमच्या वाचनालयात सभासदांची यादी एक्सेलमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली आणि 'ऱ्या' असलेली आडनावं फुटली, एकच आडनाव दोन वेगळ्या ठिकाणी, मध्ये भलतेच लोक. टाइप करणारे दोघे होते, दिसायला नावं अगदी सारखी. हे पण यातलंच का?

बिट्स_आणि_भजी
हो ताई, शंभर टक्के यातलंच. ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ असतो, त्याला स्वतःचा नंबर आहे, ०९३१. दुसऱ्यात साधा र, ०९३०, मग हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच उमटतात पण यंत्राला ती दोन वेगळी नावं, आणि नंबर वेगळा म्हणून जागाही वेगळी. सॉर्ट करण्याआधी सगळी यादी एकाच तऱ्हेची करून घ्या, शोधा-आणि-बदला ने होतं, साधा र, हलन्त नि जोडचिन्ह जिथे असेल तिथे नुक्तावाला ऱ नि हलन्त. तसंच ॲ चंही करून घ्या. मग सॉर्ट करताना साधा सॉर्ट न वापरता मराठी लोकॅलचं कोलेशन, म्हणजे मराठीसाठी ठरवलेले क्रमाचे नियम, लावायला सांगा तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला, त्यात ळ ला ह च्या मागे नेण्याचा नियम आहे. झालं की 'काळे' आणि 'कावळे' ही दोन आडनावं बघा, कावळे आधी आले तर लागलंय.

ग्रंथालय_गल्ली
सोमवारी वाचनालय उघडलं की करते आणि काळे-कावळे बघून इथेच लिहिते. क्ष वाल्या सभासदांना क मध्ये ठेवायचं की शेवटी, हे मात्र समितीला विचारावं लागेल, जुन्या रजिस्टरात ते शेवटी आहेत.